प्रश्नोत्तरे : आडनाव माल्कम आणि सर जॉन

प्रश्न : माल्कम हे नाव की आडनाव?

दोन्ही. स्कॉटलंडमध्ये या नावाचे चार राजे होऊन गेले. गेलिक भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ ‘संत कोलंबाचा भक्त’. पुढे ते आडनाव म्हणूनही रुळले. आपल्याला ते ठाऊक आहे सर जॉन माल्कममुळे. इंग्लंडच्या सीमेलगत लँगहोमजवळ १७६९ मध्ये जन्मलेला, सतरा भावंडांतला हा मुलगा तेराव्या वर्षीच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला आणि मेजर जनरल पदापर्यंत पोचला.

प्रश्न : दुसऱ्या बाजीरावाचा पराभव माल्कमने केला, असे ऐकतो. खरे का?

नाही. माल्कमची मोठी लढाई होळकरांशी झाली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला त्याने क्षिप्रा ओलांडून होळकरांच्या तोफांवर हल्ला चढवला. मुख्य सेनापती मात्र सर थॉमस हिसलॉप होता. पुढच्याच महिन्यात मंदसोरच्या तहाची बोलणी माल्कमनेच केली. बाजीरावाची फौज तोवर दुसऱ्याच सैन्याशी झुंजत होती. आष्टीला बाजीरावाचे सेनापती बापू गोखले पडले.

माल्कमचा संबंध येतो तो शेवटी. ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ बाजीराव त्याच्या स्वाधीन झाला. माल्कमने वर्षाला आठ लाखांचे पेन्शन कबूल केले. ही रक्कम फार झाली, असे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला वाटले. बाजीराव त्यानंतर बिठूरला १८५१ पर्यंत जगला, म्हणजे कंपनीने अडीच कोटींहून अधिक मोजले. तरीही माझ्या मते माल्कमचा हिशेब चुकला नव्हता. लढाई लांबली असती तर खर्च आणि रक्तपात, दोन्ही वाढले असते. खरा अन्याय पुढे झाला. बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेन्शन पुढे चालवायला गव्हर्नर जनरल डलहौसीने नकार दिला आणि बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्या मनात कंपनीविषयी कायमची अढी बसली.

प्रश्न : महाबळेश्वरची माल्कम पेठ याच्याच नावाची का?

होय. एल्फिन्स्टननंतर १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२९ मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांना वाईजवळचे खंडाळा देऊन त्याने महाबळेश्वरचा परिसर घेतला. पण या थंड हवेच्या जागेचे श्रेय एकट्या माल्कमला देऊ नये. त्याआधी, १८२४ मध्ये, लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचला होता आणि साताऱ्याहून वर जाणारा रस्ता महाराजांनी करवून घेतला होता. महाराजांचे हे काम पर्यटकांना कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : त्याचे स्मारक कुठे आहे?

लँगहोमजवळच्या व्हिटा टेकडीवर उंच दगडी स्तंभ आहे. पुतळा पाहायचा असेल, तर तो मुंबईत टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे.