सर्व्हर चालू होता, दार मात्र बंद होतं

प्रश्न : आमची छोटी कंपनी एकाच पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर चार ग्राहकांचे डेटाबेस सांभाळते. सर्व्हरची कनेक्शनमर्यादा, म्हणजे एका वेळी किती जोडण्या उघड्या राहू शकतात ती, २०० आहे. करारांत या चौघांना अनुक्रमे ६०, ८०, ६० आणि ४० कनेक्शन 'मिळतील' असं लिहिलं आहे. महिनाअखेरीस पहिल्या ग्राहकाच्या नव्या सॉफ्टवेअरने कनेक्शन उघडली आणि सोडलीच नाहीत. आकडा १५० वर गेला. दुसऱ्या ग्राहकाचं बिलिंग तीन तास अडलं. शेवटी मी पहिल्याची सगळी कनेक्शन तोडली. आता दुसऱ्याने आमचं बिल अडवलंय आणि धंद्याचं नुकसान व बदनामी यांची भरपाई मागणारी नोटीस धाडली आहे. पहिला म्हणतो, 'तुम्ही आमचं काम बंद पाडलंत, आयटी कायद्याखाली तक्रार करतो.' करारात सेवा बंद राहिल्यास दर तासाला मासिक शुल्काच्या २ टक्के कपात असं कलम आहे. पण सर्व्हर एक मिनिटही बंद नव्हता. हा बचाव टिकेल ना?

उत्तर : टिकणार नाही. आणि टिकलाच, तर तुम्हाला जास्त महाग पडेल.

दर तासाला २ टक्के हे कलम तुम्हाला दंड वाटतंय. माझ्या लेखी ती तुमची ढाल आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे भरपाईची रक्कम करारातच ठरलेली असेल तर वाजवी भरपाई मिळते, पण ठरल्या रकमेच्या वर जाता येत नाही. तीन तास म्हणजे ६ टक्के. आता 'सेवा बंद नव्हतीच' असं तुम्हीच ठासून सांगितलंत, तर समोरचा वकील म्हणेल, 'उत्तम, मग हे कलम इथे लागूच नाही. ८० कनेक्शन द्यायचं वचन मोडलं, त्याची भरपाई कलम ७३ खाली मोजू.' तिथे ही ६ टक्क्यांची वेस नाही. म्हणून करारात 'सेवा बंद' याची व्याख्या काय केली आहे ते आज काढून वाचा. 'ग्राहकाला सेवा वापरता न येणे' अशी ऐसपैस व्याख्या असेल तर तिलाच धरून राहा. शब्द 'सर्व्हर बंद पडणे' असे असतील तर वाद होईल; तरी मी तुमच्या जागी असतो तर व्यापक अर्थाच्याच बाजूने बोललो असतो. ज्याला आत येता येत नाही त्याच्यासाठी दुकान बंदच असतं, दिवे लागलेले असोत वा नसोत.

कलम ७३ ची वेळ आलीच तर सगळीच मागणी मान्य होईल असं नाही. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे होणारं नुकसान, किंवा करार करतानाच दोघांनाही ठाऊक असलेलं संभाव्य नुकसान, एवढंच मिळतं. दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. बदनामीची मागणी बहुधा इथेच गळून पडेल. या तत्त्वाचं मूळ १८५४ च्या 'हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल' या इंग्लिश खटल्यात आहे. गिरणीचा तुटलेला दांडा पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला, पण त्या दांड्यावाचून गिरणी बंद पडून आहे ही गोष्ट त्याच्या गळी उतरेल अशी सांगितलेली नव्हती. म्हणून बुडालेला नफा त्याच्या माथी आला नाही. तुमच्यापुरता प्रश्न असा : महिनाअखेरीला बिलिंग असतं आणि तेव्हा कनेक्शन कमी पडून चालणार नाही, हे दुसऱ्या ग्राहकाने करार होताना कळवलं होतं का? जुन्या ईमेल चाळा. एखादी तशी निघाली तर ती लपवू नका, मला दाखवा. त्याने स्वतःचं नुकसान आटोक्यात ठेवायला काय केलं, हेही कलम ७३ खाली पाहिलं जातं. रात्री पुन्हा बिलिंग चालवता येत होतं का?

आता तुमच्या पत्रातली खरी दुखरी जागा. ६०, ८०, ६० आणि ४० यांची बेरीज २४० होते. तुमच्याकडे २०० जागा, त्यातल्या ३ पोस्टग्रेस मुळातच प्रशासकासाठी राखून ठेवतं. म्हणजे १९७ खुर्च्यांवर तुम्ही २४० जणांना बोलावलंत. सगळे एकदम येत नाहीत या भरवशावर धंद्यात असं चालतं, आणि तेवढ्याने कोणी लबाड ठरत नाही. पण पाळायचा इरादा नसताना दिलेलं वचन ही कलम १७ खाली फसवणूक आहे, आणि विरुद्ध बाजूचा वकील त्या दिशेने बोट दाखवणारच. तेव्हा नोटिशीच्या उत्तरात 'आमची क्षमता पुरेशी होती' असं चुकूनही लिहू नका.

गंमत अशी, की त्या दिवशी घात बेरजेने केला नाही. बेरीज १९७ मध्ये बसली असती तरी पहिल्या ग्राहकाने १५० अडवलीच असती, कारण त्याला अडवणारं काहीच नव्हतं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक युजरला आणि प्रत्येक डेटाबेसला वेगळी कनेक्शनमर्यादा लावता येते. कोणी लावली नाही तर ती उणे १, म्हणजे अमर्याद असते. एका ओळीच्या आदेशाचं काम. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायच्या कामांचा गट) उघडं टाकून नुसती बसून राहिलेली कनेक्शन ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडण्याची सोयही आहे, तीही मुळात बंदच असते. 'ही साधी खबरदारी का घेतली नाही?' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून दुसऱ्या ग्राहकाशी भांडत बसण्यापेक्षा ती ६ टक्के कपात मान्य करून लेखी तडजोड करा, असं माझं स्पष्ट मत आहे. बिल थकलं म्हणून त्याचा डेटाबेस मात्र बंद करू नका. आज चूक एका दिवसाची आहे, मग रोजची होईल.

ही कपात पहिल्या ग्राहकाकडून वसूल करता येईल का? अवघड आहे, आणि ते एका क्रियापदामुळे. 'मिळतील' हे तुमचं वचन झालं. '६० पेक्षा जास्त वापरणार नाही' असं वचन त्याने कुठे दिलंय? करारात 'वाजवी वापर' असं काही कलम असेल तर थोडा आधार मिळेल, बाकी नाही.

त्याच्या धमकीने मात्र झोप घालवू नका. आयटी कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा यंत्रणेचा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेल्या कृत्यांबद्दल आहे. इथे सर्व्हर तुमच्याच ताब्यात. कलम ६६ खाली गुन्हा व्हायला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. बाकीच्या तिघांना जागा करून देणं हा तसला हेतू नव्हे. कनेक्शन तोडल्यावर कमिट झालेला, म्हणजे कायमचा नोंदला गेलेला, डेटा जात नाही, अर्धवट ट्रान्झॅक्शन तेवढी मागे घेतली जातात, हेही उत्तरात लिहा. तुमची एक चूक आहे : नुसती बसलेली कनेक्शन तोडून भागलं असतं, तुम्ही चालू कामाचीही तोडलीत. त्या ६० वर त्याचा हक्क होता. या मुद्द्यावर दिलगिरीचं एक वाक्य लिहायला हरकत नाही.

पुराव्याचं काम आजच करा. कोण किती कनेक्शन धरून बसलंय हे दाखवणारा पोस्टग्रेसचा तक्ता फक्त त्या क्षणाचा असतो, तो गेला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, जागा संपल्यामुळे नाकारलेल्या कनेक्शनच्या नोंदी सापडतील, पण लॉग फिरत राहतात आणि जुने पुसले जातात. मूळ फाइल न उघडता तिची प्रत काढा, हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, तिच्या ठशासारखी खूण) नोंदवून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात हॅश लिहावा लागतो.

नव्या करारात ६० हा आकडा दोन्ही बाजूंनी बांधा : इतकी मिळतील, याहून जास्त मिळणार नाहीत. सर्व्हरवरही तोच आकडा लावा. मर्यादा नुसती २०० वरून ४०० करून सुटका होणार नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, तिला मेमरी लागते, शिवाय ती मर्यादा बदलायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (मोजकी कनेक्शन अनेकांत वाटून देणारं सॉफ्टवेअर) बसवणार असाल तर 'कनेक्शन' म्हणजे पूलरपर्यंतचं की सर्व्हरपर्यंतचं, हे व्याख्येत लिहा. (आम्हा वकिलांकडे क्लायंट म्हणजे अशील, तुमच्याकडे दार ठोठावणारं सॉफ्टवेअर. करारात हाही शब्द मोकळा सोडू नका.) पूलर ट्रान्झॅक्शन पद्धतीने, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शन संपताच कनेक्शन दुसऱ्याला देत, चालवला तर तात्पुरत्या टेबलांसारख्या, सेशनवर (एका सलग जोडणीवर) अवलंबून असलेल्या गोष्टी बिघडू शकतात, म्हणून चौघांची लेखी संमती घेतल्याशिवाय तो बसवू नका.

दुसऱ्या ग्राहकाने दावा लावायचं ठरवलंच, तर करारभंगाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. प्रकरण व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेतलं असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर त्याला आधी मध्यस्थीला जावंच लागेल. तिथे बसण्यापूर्वी चारही करार आणि त्या दिवसाचा लॉग घेऊन जवळच्या वकिलाला भेटा.