पाळकांना प्रश्न विचारणं म्हणजे ‘अभिषिक्ताला हात लावणं’ आहे का?

तुम्ही विचारलंय की पाळक, फादर, बिशप यांच्याविषयी ख्रिस्ती माणसाने आदर कसा राखायचा आणि त्यांचं चुकताना दिसलं तरी गप्प बसायचं का. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी हिशेब मागितला की ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन ऐकवलं जातं, असंही लिहिलंय. आमच्याकडेही ऐकवायचे.

आधी त्या वचनाचंच बघू. ते बायबलमधल्या स्तोत्र 105 मधलं. तिथे विषय आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा. परक्या मुलखात भटकणारी मूठभर माणसं, आणि यांना त्रास देऊ नका असं देवाने राजांना बजावलं. आता बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 20 वा अध्याय काढा. गरारचा राजा अबीमलेख अब्राहामाची बायको सारा हिला घेऊन जातो, कारण ‘ही माझी बहीण’ असं खुद्द अब्राहामानेच सांगितलेलं असतं. देव राजाला स्वप्नात दम देतो, तो माणूस संदेष्टा आहे म्हणतो. राजा घाबरतो, पण सकाळी अब्राहामाला बोलावून तोंडावर विचारतो, तू आमच्याशी हे काय केलंस? संदेष्ट्याला उत्तर द्यावं लागतं. (उत्तर म्हणजे निव्वळ सारवासारव आहे, वाचून बघा.) विचारलं म्हणून देव राजावर रागावल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

दावीदाचंही तेच. त्याच्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत हाताशी सापडला असताना दावीदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याच्या मनाला टोचणी लागली. ही गोष्ट उपदेशात इथेच थांबवतात. पुढे काय झालं? शौल बाहेर पडल्यावर दावीदाने मागून हाक मारली, जमिनीपर्यंत वाकून नमन केलं, ‘माझ्या बापा’ म्हणाला आणि तो कापलेला तुकडा दाखवत आपली सगळी तक्रार मांडली. त्याने हात लावला नाही, पण तोंडही बंद ठेवलं नाही.

आता माझं सांगतो. नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. एका वर्षी सुगीच्या सणाचा लिलाव झाला. लोकांनी आणलेली बाजरी, कोंबड्या, भोपळे, गुळाची ढेप, सगळं बोली लावून विकलं. पैसे पाळकसाहेबांकडे गेले आणि दोन महिने झाले तरी वहीत जमा होईनात. मग जे व्हायचं तेच झालं. रविवारी उपासना सुटली की घरोघरी रश्शाबरोबर पाळकसाहेबही वाढले जायचे. मीसुद्धा त्या जेवणात होतो, खोटं कशाला बोलू? मात्र त्यांच्यासमोर सगळे ‘जय ख्रिस्त, साहेब’ म्हणून वाकायचे.

शेवटी खजिनदार आणि मी, दोघे संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पाळकीणबाईंनी चहा ठेवला. मी विचारलं तेव्हा साहेब आधी चिडले, मग बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की पैसे मुलाच्या कॉलेजच्या फीला गेले, फेडणार आहे. चूक होती, त्यात वाद नाही. पण त्यांनी खजिनदाराकडे बघून एवढंच विचारलं, माझा तीन महिन्यांचा पगार कुठाय? खजिनदार चहाच्या कपात बघत बसला. वर्गणी थकली होती, आणि थकवणाऱ्यांत माझंही नाव होतं.

त्या रात्री मी बायबलमधलं पौलाचं पत्र, पहिलं तीमथ्य, पाचवा अध्याय पुन्हा वाचला. चांगला कारभार करणाऱ्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, दुप्पट मान द्यावा, हे 17 वं वचन आम्हाला पाठ होतं. लगेच 18 व्यात येतं की मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. म्हणजे पौलाने मान म्हटलं तेव्हा त्यात पगारही धरलाय! 19 व्यात दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप ऐकून घेऊ नको, आणि 20 व्यात जे पाप करत राहतात त्यांचा दोष सगळ्यांसमक्ष दाखव. चारही वचनं एकाखाली एक आहेत. पाळकमंडळी 17 वर थांबतात, भांडखोर मंडळी 20 पासून सुरू करते, आणि 18 वं कोणी वाचत नाही. पुढे आम्ही थकबाकी भरली, साहेबांनी फीचे पैसे हप्त्याने फेडले, आणि कमिटीसमोर दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

आदराने नाही म्हणायचं कसं, हे मला पंडिता रमाबाईंकडून कळलं. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांचं निमूटपणे ऐकावं, अशी सिस्टरांची अपेक्षा होती. बाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मी आत्ताच मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. पण पत्रांत त्या सिस्टरांना म्हणायच्या ‘आजीबाई’! दावीदाचं ‘माझ्या बापा’ आणि बाईंचं ‘आजीबाई’, माझ्या लेखी एकाच जातीचे शब्द. नातं सांगून मग भांडायचं. पाठीमागे कुजबुजणाऱ्याला नात्याचा शब्द लागतच नाही.

पाया पडण्याबद्दल माझा आग्रह नाही. बायबलमध्ये कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं, मीही माणूसच आहे म्हणाला. पण घरात आजोबांच्या पाया पडणाऱ्या पोराने पाळकांच्याही पाया पडलं तर मला ती मूर्तिपूजा वाटत नाही. ‘कोणाला पिता म्हणू नका’ हे मत्तय 23 मधलं वचन काढून आमचे प्रॉटेस्टंट लोक वसईच्या कॅथलिकांच्या ‘फादर’ला हसतात आणि स्वतः दिवसभर ‘साहेब, साहेब’ करतात, तो भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. बाईमाणसाशी किंवा लेकराशी गैरवर्तनाचा प्रकार असेल तर चहा प्यायला जायचं नाही. लहान मूल असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोर बिशप असो की आणखी कोणी.

तुमची तक्रार पैशाची आहे असं प्रश्नावरून दिसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. एका शहाण्या माणसाला बरोबर घेऊन घरी जा. आणि जाण्याआधी खजिनदाराला एवढं विचारा, पाळकांचा शेवटचा पगार कोणत्या तारखेला झाला?