खालून छाटणी करताना हत्यारं अंगावर कशी बाळगावीत

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वडिलांची गुहागरजवळची साठ-सत्तर हापूस कलमं आता तुम्ही बघता. झाडं अजून आटोपशीर आहेत, म्हणून शिडी न लावता खाली उभं राहूनच छाटणी करता. सिकेटर (छाटणीची कात्री), करवत, कोयता, पाण्याची बाटली, कापांवर लावायच्या बोर्डो पेस्टचा डबा हे सगळं घेऊन फिरताना दुपारी बारापर्यंत कंबर भरून येते. त्यात एक सिकेटर पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, पडला तो सापडलाच नाही. कमरेला कुठला पट्टा घेऊ, एवढंच तुम्ही विचारलंय.

पट्ट्याचं सांगतो, पण त्याने निम्मंच काम होईल. मी राजापूर तालुक्यात तीस वर्षं कलमं आणि काजू सांभाळतोय. माझं ठाम मत असं, की खालून छाटणी करणाऱ्याच्या अंगावर दोनच हत्यारं असावीत: सिकेटर आणि घडीची करवत. बाकी सगळं एका बादलीत, आणि बादली त्या त्या झाडाच्या बुंध्याशी. झाडावर चढणाऱ्याला प्रत्येक वेळी खाली उतरणं परवडत नाही, म्हणून तो सगळं अंगावर घेतो. आपण जमिनीवर आहोत, बादली चार पावलांवर आहे. चढणाऱ्यांची सवय आपण उगाच उचलली आहे.

सगळ्यात आधी कोयता कमरेवरून काढा. हे वाचून इथले बरेच जण नाराज होतील, कारण आपल्याकडे बागेत जायचं म्हणजे कमरेला आकडी आणि आकडीत कोयता हे ठरलेलंच. (फळं ओढायच्या काठीला आकडी म्हणतात ती वेगळी, ही कमरेच्या दोरीला पाठीमागे बांधायची.) रान बेणायला, ऐन-किंजळीचा कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायला, माडावर चढायला ही सोय अगदी विचारपूर्वक झालेली आहे. वजन कण्याजवळ राहतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि कोयता न बघता हाताला येतो. पण कलमाच्या छाटणीत कोयत्याला काम किती? जिवंत फांदीवर कोयत्याचा घाव घातला की साल फाटते, ढलपी निघते, आणि अशाच फाटक्या सालीत खोडकिड्याची मादी अंडी घालते. कापून पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला कोयता हवा, पण ते काम शेवटी, एका जागी बसून करायचं. त्या तासाभराच्या कामासाठी अर्धा-पाऊण किलो लोखंड दिवसभर पाठीशी वागवायचं, आणि ओल्या कातळावर पाय सरकून पाठीवर पडलो तर त्याच्यावरच पडायचं, हे मला पटत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ झालं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा वाटा मोकळ्या करायला मी दिवसचे दिवस कोयता लावून फिरलो. ते काम कोयत्याचंच होतं. छाटणी हे नव्हे.

आता पट्टा. कापडी नाडी किंवा पॅंटचा बारीक पट्टा दोन तासांत पोटात रुततो. पट्टा निदान २ इंच रुंद हवा आणि तो बेंबीपाशी नको, खुब्याच्या हाडांवर टेकलेला हवा. वजन हाडावर बसलं तर कंबरेचे स्नायू मोकळे राहतात. तुम्ही कुर्त्यावर काम करत असाल तर वरून एक पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घाला आणि पट्टा शर्टाच्या वरून बांधा, म्हणजे हत्यार काढताना हात कपड्यात अडकत नाही. ओढणी घरी ठेवा. माझी बायको अशीच काम करते आणि तिचा पट्टा माझ्यापेक्षा नीट बसतो. बाजारात सुतारासाठी, वायरमनसाठी मिळतात ते सात-आठ खिशांचे पट्टे घेऊ नका. खिसे असले की ते भरले जातात. भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या गाडीच्या सीटबेल्टची पट्टी मागा. ती साधारण २ इंचांची असते, घामाने कुजत नाही, धुतली की वाळते. चांभाराकडून तिला बक्कल शिवून घ्या. मी सहा-सात वर्षं तीच वापरतोय.

म्यान चामड्याचं नको. घाटावर ते चालत असेल. आपल्याकडे मृग लागला की चामड्यावर बुरशी चढते, आणि घाम व खारा वारा मुरलेलं चामडं पात्याला आतून गंजवतं. बाहेरून सगळं छान दिसतं आणि सकाळी करवत काढावी तर दात तांबडे. मी घरीच पीव्हीसी पाईपची म्यानं करतो. पातळ पाईपचा तुकडा उकळत्या पाण्यात धरला की मऊ होतो. मग हातमोजे घालून दोन फळ्यांत दाबून चपटा करायचा आणि गार होऊ द्यायचा. पाईप विस्तवावर धरू नका, त्याचा धूर वाईट असतो. तोंड थोडं पसरट ठेवा, खालचं टोक आवळून बंद करा, पण तिथे एक छिद्र सोडा, म्हणजे पाणी आणि भुसा निघून जाईल. वरच्या कडेला दोन भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने पट्ट्याला बांधा.

कुठलं हत्यार कुठे, याला मी फार महत्त्व देतो. सिकेटर उजव्या हाताखाली, पॅंटच्या बाजूच्या शिवणीच्या दोन बोटं मागे. पुढे लावला तर वाकताना मुठी पोटात टोचतात आणि तोंड जांघेकडे येतं. घडीची करवत डाव्या बाजूला, मूठ वर. तुमच्याकडे न मिटणारी, वाकड्या पात्याची लांब करवत असेल तर तिचं म्यान मांडीपर्यंत येतं आणि चालताना बडवत राहतं. त्याला खालच्या बाजूने सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून मांडीभोवती सैलसर अडकवा, मांडीच्या बाहेरच्या अंगाला. सगळं लावून झालं की घरीच अंगणात एकदा पूर्ण उकिडवं बसा, वाका, पायऱ्या चढा-उतरा. जे टोचेल ते दोन बोटं सरकवा आणि पुन्हा बसून बघा. ही दहा मिनिटं दिली नाहीत तर बागेत दिवसभर तेच टोचत राहतं.

खिशात मात्र काहीच नको. काही वर्षांपूर्वी मी सिकेटर लेंग्याच्या खिशात टाकून जांभ्याच्या पायऱ्या उतरत होतो. त्याची कडी झिजलेली होती, हे मला माहीत होतं. शेवाळावर पाय सरकला, बसकण मारली आणि खिशात सिकेटर उघडला. मांडीला पाच टाके पडले. मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रक्तवाहिनी जाते. घाव आणखी आत गेला असता तर दवाखाना गाठेपर्यंत काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. तेव्हापासून दहा पावलं चालायची असली तरी मी मिटवतो, कडी लावतो, म्यानात टाकतो आणि मगच पाय उचलतो. गमबूटात सिकेटर खोचायची पद्धतही मी पाहिली आहे. ती आजच सोडा.

तुमचा हरवलेला सिकेटर. हातातलं हत्यार क्षणभर जमिनीवर ठेवलं की तो क्षण लांबतोच. आणि आपल्याकडे ही नुसती हरवण्याची गोष्ट नाही. पातेऱ्यात फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. ते लहान असतं, रंगाने सुक्या पानांत आणि जांभ्याच्या मातीत मिसळून जातं. पाल्यात हात घालून हत्यार चाचपडणं म्हणजे त्याच्यावर हात ठेवणं. म्हणून हत्याराला दोनच जागा, म्यान किंवा बादली. जमीन ही जागाच नव्हे. मुठींना निळी चिकटपट्टी गुंडाळा. विकत मिळणाऱ्या हत्यारांच्या लाल-नारिंगी मुठी आपल्या तांबड्या मातीत आणि सुक्या पानांत डोळ्याला दिसत नाहीत, निळी लगेच दिसते.

दोन हत्यारं पुरतील का, असं वाटेल. बोटाएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर, त्याच्या वर मनगटाएवढ्या जाडीपर्यंत करवत. करवतीने आधी खालून थोडा छेद, मग जरा पुढे वरून कापून फांदी पाडायची, आणि शेवटी राहिलेला खुंट बुडाशी नीट कापायचा. त्याहून जाड फांदी असेल आणि ती डोक्याच्या वर असेल, तर ते एकट्याने खालून करायचं काम नाही. माणूस बोलवा.

हात पोचत नाही तिथे, विशेषतः बांडगुळासाठी, काठीला लावलेली करवत लागते. ती अंगावर बाळगायची नसतेच. काठीला माणगा बांबू घ्या. भरीव असतो, लवत नाही. चालताना काठी तोलाच्या जागी एका हातात धरायची, पातं पुढे आणि खाली, त्यावर कापडाचं किंवा पाईपचं टोपण. खांद्यावर टाकून पातं मागे ठेवलं की वळताना मागच्याचा चेहरा त्याच उंचीवर असतो. थांबलात की काठी झाडाच्या बेचक्यात उभी करा, आडवी टाकू नका. कापताना फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच, भुसा आणि हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या) दोन्ही वरून पडतात. बागेवरून विजेची तार जात असेल तर तिच्या आसपास काठी वर करू नका. ॲल्युमिनियमची तर नाहीच, पण पावसात भिजलेल्या बांबूतूनही वीज उतरते. तिथली छाटणी महावितरणला कळवून, प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय करू नका.

पेस्टचा डबा पट्ट्याला लटकवता, असं तुम्ही लिहिलंय. तो काढा. वजन तर आहेच, पण पेस्टमधलं मोरचूद लोखंडाला खातं. डबा हिंदकळून शिंतोडे उडाले की करवतीचे दात आणि सिकेटरची स्प्रिंग लवकर जाते. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या हिशेबाने केलेली पेस्ट प्लास्टिकच्या डब्यात, ब्रश त्यातच. एका ओळीची छाटणी झाली की पट्टा सोडून ठेवायचा आणि डबा हातात घेऊन त्याच ओळीतून परत यायचं. त्या फेरीत राहून गेलेले कापही दिसतात. कोणी सोबत असेल तर मागून लावत आलेलं उत्तमच.

चहाला किंवा जेवायला बसताना पट्टा सोडून खुंटीसारख्या फांदीला अडकवा. पट्टा लावून बसल्यानेही कंबर धरते. संध्याकाळी पात्यांवरचा चीक रॉकेलच्या चिंधीने पुसून खोबरेलाचा हात फिरवला की पुरे. म्यान रिकामं करून उलटं टांगा, हत्यार त्यात रात्रभर ठेवू नका.

तुम्ही डावखुऱ्या असाल तर वरची उजवी-डावी बाजू उलटी धरा, आणि सिकेटरही डावखुरा मागवा. साधा सिकेटर डाव्या हाताने चालवला तर कापाची रेघ पात्याआड जाते आणि मनगट वाकडं धरावं लागतं. तुमची सर्वात उंच फांदी जमिनीपासून किती आहे ते कळवा, म्हणजे काठी किती फुटांची हवी आणि करवत तिला कशी बांधायची तेही लिहितो.