फिक्स्ड वाढवत नाहीत, जॉइनिंग बोनस देतायत: घ्यावा का?

घणसोलीत ऑफिस, फिक्स्ड (दरमहाचा ठरलेला पगार) वाढवायला ठाम नकार, त्याऐवजी ३ लाख जॉइनिंग बोनस आणि वर्षाच्या आत सोडलं तर पूर्ण परत. तुमची पोस्ट वाचताना माझंच जुनं ऑफर लेटर पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं.

घासाघीस कशी करायची वगैरे तुम्हाला जमतंय असं दिसतं, ते सोडून देतो. माझा जीव अडकलाय त्या 'पूर्ण परत'मध्ये.

बोनस पगारातच धरतात आणि टीडीएस (आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापूनच देतात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून ९३,६०० गेले, खात्यात २,०६,४००. मी जानेवारीत रुजू झालो, बोनस पहिल्या पगारात आला. पुढे प्रोजेक्टच ऐरोलीतून पुण्याला हलवला. आईबाबा ठाण्यात, मला शक्य नव्हतं, दिवाळीच्या आधी सोडलं. फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात, वसुली ३ लाखांची! जे ९३,६०० माझ्या हाताला लागलेच नाहीत, तेही.

विचारायला गेलो तर पेरोल म्हणे टॅक्स मागच्या आर्थिक वर्षात भरला, फॉर्म १६ (कापलेल्या टॅक्सचा दाखला) निघाला, आता काही होत नाही, एचआरला विचारा. एचआर म्हणे हा पेरोलचा विषय. मध्येच कोणीतरी तिकीट 'क्लोज्ड' करून मोकळं. पैसे ३१ मार्चच्या आत परत गेले असते तर त्याच वर्षाच्या टीडीएसमध्ये जुळवता आले असते, हे मला माझ्या सीएने सांगितलं. ज्यांना ते सांगायचा पगार मिळतो त्यांनी नाही. शहर बदललं त्यांनी, भुर्दंड मला. असो, बीपी वाढतं.

तेव्हा आकड्यापेक्षा कलमावर भांडा. वसुली महिन्यागणिक कमी होत जावी, म्हणजे ८ महिने काढले तर उरलेल्या ४ महिन्यांचा १ लाखच. वसुली हातात आलेल्या रकमेवर. आणि कंपनीने काढलं किंवा शहर बदललं तर वसुली नाहीच. माझ्या अनुभवात पहिली गोष्ट मान्य होते, दुसरीला 'पॉलिसी' आडवी येते, तरी मागा. फोनवरचं "हो हो, करून देऊ" धरू नका. सुधारित लेटर येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा टाकायचा नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर ३ लाख बोनसपेक्षा फिक्स्डमध्ये दीड लाख जास्त बरे. दोन वर्षांत बरोबरी, पुढे फायदाच, शिवाय हाइक फिक्स्डवर लागते. नकार दिलाय म्हणता, पण वर्षभराने बघू असं लेखी देतात का ते तरी विचारा. बोनसमुळे पहिल्या वर्षाचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) फुगलेला दिसतो. त्यातच कंपनीचा पीएफ आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी. हे वजा करून महिन्याचा आकडा काढा.

नोटीस बायआउट (नोटीस पूर्ण न करता निघण्यासाठी जुन्या कंपनीला द्यायचे पैसे) भरायचा असेल तर मात्र रोख बोनस कामाचा. पण नव्या कंपनीने ती रक्कम भरून दिली तरी त्यावरही टॅक्स लागतो, तेवढं वाढवून मागा.

जाता जाता, आठवड्यात किती दिवस ऑफिसला यायचं तेही लेटरमध्ये घ्या. ठाण्याहून रोज सकाळी ट्रान्स-हार्बर लोकल पकडणार असाल तर हाही पगाराचाच भाग आहे.

मी ना वकील ना सीए, आणि प्रत्येक लेटर वेगळं असतं. कंपनीचं नाव झाकून ते कलम इथे टाका, बघून सांगतो.