कोकणातल्या शाळेत वर्षभराची नाटकं कशी ठरवावीत आणि मुलांची ऑडिशन कशी घ्यावी?

तुमच्या हायस्कुलात आजवर गॅदरिंगपुरती एक नाटिका व्हायची. यंदा मुख्याध्यापकांनी वर्षात तीन नाटकं करायला सांगितलीत, म्हणून नाटकं कशी निवडायची, ऑडिशन कशी घ्यायची आणि लेखकाची परवानगी लागते का, असं तुम्ही विचारलंय. मी कुडाळ तालुक्यातल्या एका शाळेत नाटकं बसवतो, तेव्हा आपल्या भागापुरतं सांगतो.

आधी ऑडिशन घ्या, नाटक मागाहून निवडा. बहुतेक शाळांत उलट होतं. संहिता आधी हातात येते, तिच्यात नऊ पात्रं असतात, म्हणून नऊ मुलं शोधली जातात आणि राजा होतो तो वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेला. वक्तृत्वाचं पोर हात उंचावून थेट प्रेक्षकांशी बोलतं. समोर उभ्या असलेल्या प्रधानाकडे बघायला त्याला शिकवण्यातच तालमी संपतात.

ऑडिशनला पाठ केलेला उतारा मागू नका. आपल्या मुलांनी लहानपणापासून जत्रेत दशावतारी नाटक पाहिलेलं असतं. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, कोण कोणत्या भूमिकेत, एवढं आधी ठरतं आणि मग पेटी-मृदंगाच्या साथीने नट उभ्या उभ्या संवाद रचतात. हीच रीत वर्गात वापरा. तिघातिघांचे गट करा आणि एक प्रसंग द्या : शेवटची एसटी चुकलीय, घरी फोन लागत नाही आणि स्टँडच्या बाकड्यावरचा एक अनोळखी माणूस नको तेवढ्या चौकशा करतोय. पाच मिनिटं विचार, तीन मिनिटं सादरीकरण. मग त्याच तिघांच्या भूमिका बदला. कोण किती बोलतो याच्याकडे फार लक्ष देऊ नका. दुसरा बोलत असताना कोण खरोखर ऐकतंय, ते टिपून ठेवा. ते मूल पुढे नाटक तारतं.

बोलू द्या मालवणीतच. पुस्तकी मराठीत ताठ उभी राहणारी मुलगी ‘गे बाय, माका काय ठावक!’ म्हणाली की तिचे हात आपोआप हलतात. (दोन-चार जण मालवणी नाटकांतल्या मच्छिंद्र कांबळींची नक्कल करून हशा मिळवतील. हसा, पण त्यावर मुख्य भूमिका देऊ नका.) दुसऱ्या फेरीत न पाहिलेला संवाद वाचायला द्या. अडखळत वाचणाऱ्याला लगेच वगळू नका, त्याला तो वाचून दाखवा आणि मग करायला सांगा. आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना आवाजाला गुण देत बसू नका, त्या आवाजात तुमचंही कुणाला ऐकू जाणार नाही.

निवडीची यादी लावताना पेटी वाजवणारा, प्रकाश सांभाळणारी, कपडे बघणारे, सगळ्यांची नावं एकाच कागदावर लावा. ‘राखीव’ असा वेगळा रकाना नको. आमच्याकडे त्या रकान्यातली मुलं तालमीला फिरकतच नसत.

आता वेळापत्रक. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा कोरा सोडा. घरोघरी मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, मुलं भजन-फुगड्यांत असतात, तालमीला कुणी मिळणार नाही. त्यामुळे पहिलं नाटक लहान ठेवा, अर्ध्या तासाचं, मुलांनीच त्या ऑडिशनच्या प्रसंगांतून उभं केलेलं, आणि ते सहामाही परीक्षेआधी शाळेच्याच हॉलमध्ये करा. परीक्षेआधी जमलं नाही तर ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन मुहूर्त म्हणून छान आहे, पण तो कधी कधी दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा त्याचा हट्ट नको. दुसरं नाटक राज्य बालनाट्य स्पर्धेचं. तिच्या तारखा सांस्कृतिक कार्य संचालनालय जाहीर करतं, त्यावर लक्ष ठेवा. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार बघितलेली मुलं सकाळच्या तालमीला पेंगतात, तेव्हा तालीम दुपारी ठेवा आणि वाड्यांवरच्या मुलांची परतीची एसटी बघून संपवा. ही वेळ पालकांना आधीच लेखी कळवा, मुलींना परवानगी मिळण्यातली निम्मी अडचण तिथेच सुटते.

लेखकाच्या परवानगीचंही विचारलंय. कॉपीराइट कायद्यात शाळांना सवलत आहे : शिक्षक आणि विद्यार्थी नाटक करत असतील आणि प्रेक्षक फक्त शाळेतले, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर लेखकाची परवानगी लागत नाही. स्पर्धेत किंवा गावासाठी खुल्या प्रयोगात ही सवलत चालत नाही. तिथे लेखकाचं किंवा वारसांचं पत्र घ्या, ठरलेलं मानधन द्या, आणि जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज तालमी सुरू होण्याआधीच टाका. लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे जुने नाटककार देवल (निधन १९१६) किंवा गडकरी (१९१९) यांच्या लेखनाला परवानगी नको. मात्र त्यांची भाषा आठवीच्या मुलाच्या तोंडी बसवायला दुप्पट तालमी धरा.

तिसऱ्या नाटकाचं माझं मत विचाराल तर गॅदरिंगला नवीन काही बसवू नका, स्पर्धेचंच नाटक पुन्हा करा, फक्त भूमिका बदलून. मुख्याध्यापकांना तीनच हवीत तर हे तिसरं म्हणून मोजता येईल. फेब्रुवारी-मार्चात दहावीची परीक्षा आणि शिमगा, त्यामुळे तेव्हा नवीन नाटकाचा विषयच काढू नका.