आमच्या मागे याचं कोण बघणार?

मी समुपदेशक. दिव्यांग मुलांच्या पालकांशी बोलताना एक प्रश्न ठरलेला असतो. मूल ६ वर्षांचं असो नाही तर तिशीला आलेलं. आधी शाळेचं, गोळ्यांचं, सर्टिफिकेटचं बोलणं होतं, मंडळी निघायला उठतात आणि दारात उभं राहून आई विचारते, "ताई, आमच्या मागे याचं कोण बघणार?" बाप हे असं विचारत नाही, तो पैशांचं विचारतो, काळजी तीच. अलीकडे हे इतक्या जणांकडून ऐकलं की एका घराची गोष्ट लिहावीशी वाटली. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही.

घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं. काका सरकारी खात्यातून निवृत्त, काकी पासष्टीच्या पुढच्या. थोरला मुलगा कुंडईला कंपनीत कामाला, त्याची बायको, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि धाकटा गुरुदास. गुरूचं वय २८, बौद्धिक अक्षमता, फिट्सच्या गोळ्या रोजच्या. सगळे एकाच घरात राहतात. बाहेरच्याला वाटेल, मग काळजी कसली?

पहिल्यांदा नवरा-बायको दोघंच आली. काकींनी सगळं आधीच ठरवून टाकलं होतं.

"घर, पोफळीचं कुळागर, सगळं थोरल्याच्या नावावर करतो. मग तो याला टाकणार नाही."

"थोरल्याला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? सख्खा भाऊ ना तो!"

"आणि सूनबाईंना?"

काकी काकांकडे बघायला लागल्या. "ती परक्याची पोर. तिच्याकडून कसली अपेक्षा करायची?"

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गोव्यात बऱ्याच घरांत हाच बेत शिजत असतो. आपल्याकडच्या वारसा कायद्याप्रमाणे आईबापांना आपल्या वाट्याच्या निम्म्याच मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं. उरलेली निम्मी मुलांच्या हक्काची, आणि त्यात दिव्यांग मुलगाही आला. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरली जाते. म्हणजे जिला काकी परकी म्हणत होत्या तिची सही उद्या प्रत्येक कागदावर लागणार. काही लिहून देण्याआधी वकिलाला भेटा, एवढंच मी त्या दिवशी सांगितलं. आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी यायचं. गुरूनेही.

माझी घडण घर नावाच्या गोष्टीवर काम करण्यात झाली आहे. एकट्या आईला समोर बसवून तिचं मन हलकं करता येतं, पण ती परत जाते त्याच स्वयंपाकघरात. म्हणून मी सगळ्यांना एकत्र बोलावते. दिव्यांग माणसाच्या घरात सुनेला कोणी बोलावत नाही, हे मी फार पाहिलंय. तिच्याबद्दल ठरवतात सगळे, तिच्याशी बोलत कोणी नाही.

सगळे आले. चहा आला. काकींनी बिस्किट मोडलं, चहात बुडवलं, फुंकर घातली आणि गुरूच्या तोंडाशी धरलं. गुरूने तोंड उघडलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते, रिकामे. थोरला खिडकीबाहेर बघत होता. सून मात्र त्या हातांकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे.

"वहिनी, तुम्हाला कसली भीती वाटते?" मी सरळच विचारलं.

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "भावजींची नाही वाटत. आईंसारखं करावं लागेल, त्याची वाटते."

"म्हणजे?"

"आई चोवीस तास त्यांच्यामागे असतात. माझ्याच्याने ते होणार नाही. आणि ताई, तेवढं लागतही नाही. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या मावशींकडे राहिल्या होत्या ना, तेव्हा मी ताट वाढून ठेवायची. भावजी आपल्या हाताने जेवायचे. थोडं सांडायचं, एवढंच. आंघोळही करायचे. पाणी तेवढं विसण घालून द्यावं लागायचं."

"आणि मला सांगितलं नाहीस?" काकींचा आवाज चढला.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट कसलं? अगो, तो माशाचा काटा गिळेल!"

तेव्हा गुरू बोलला. इतका वेळ त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. "बांगड्याचा काटा मी काढतो. वहिनी काढत नाही. मी काढतो." हे सांगताना त्याने बोटांनी हवेत काटा सोडवून दाखवला, अगदी डोक्यापासून शेपटीपर्यंत.

थोरला हसला. मग सूनही. काकी हसल्या नाहीत. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच केलं?"

अशा वेळी समुपदेशकाने लगेच काही गोड बोलू नये, या मताची मी आहे. मी थांबले. काकांनीच शेवटी तोंड उघडलं. "उगाच नाही गो. तू केलंस म्हणून तो इथवर आला. आता थोडं सोड."

नंतर या बैठकीचा विचार करताना मला जे उमगलं ते तेव्हापासून प्रत्येक पालकाला सांगत आले आहे. आई आपल्या जागी दुसरी आई शोधत असते. तिला ती भाऊ-भावजय, काका-मावशी कुणातच सापडत नाही. सापडणारही नाही, कारण २८ वर्षांचं ते ओझं अख्खंच्या अख्खं उचलायला कोणी पुढे होत नाही. भाऊ खिडकीबाहेर बघतो, भावजय गप्प राहते, आणि आपण म्हणतो यांना माया नाही. कामाचे तुकडे केले की हात पुढे येतात. आमच्या पुढच्या भेटी या तुकड्यांच्याच झाल्या. थोरला म्हणाला, दाढी मी करीन, रविवारी. गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणणं काकांकडेच राहिलं, पण डोसाचा कागद फ्रिजवर लागला आणि सुनेने तो वाचून घेतला. शेजारचा पोरगा गुरूला देवळात भजनाला नेतो, ते तो आधीपासूनच करत होता. काकींनी त्याला 'मदत' म्हणून कधी मोजलंच नव्हतं. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या माटोळीत सुपारीचा घोस कुठे, आंबाडे कुठे, कवंडळं कुठे बांधायची हे तर त्या घरात गुरूलाच सगळ्यांत नीट ठाऊक होतं.

सुनेने एक अट घातली. मुलीच्या शाळेच्या दिवशी सकाळी ती गुरूचं काहीही करणार नाही. काकींचं तोंड उतरलं. मला ती अट फार आवडली. जिला स्पष्ट नाही म्हणता येतं तिच्या होकारावर मी जास्त भरवसा ठेवते.

आता कागदपत्रांचं, कारण नुसत्या मायेवर बँक चालत नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून गुरूला मिळणाऱ्या मदतीच्या खात्यासाठी काकी बँकेत गेल्या, तर तिथला माणूस गुरूकडे न बघता त्यांना विचारायचा, "ह्याला कळतं का?" मी सांगितलं, पुढच्या वेळी गुरूला खुर्चीवर पुढे बसवा आणि म्हणा, त्यालाच विचारा. त्यांनी तसं केलं. गुरूने आपलं नाव आणि गाव सांगितलं. त्या माणसाला मग त्याच्याशी बोलावंच लागलं.

पुष्कळ पालकांना माहीत नसतं की मूल १८ वर्षांचं झालं की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्व वेगळं: ठराविक निर्णयापुरतं, ठराविक काळासाठी, आणि त्या माणसाच्या मर्जीला धरून. मला मनापासून पटतं ते हे दुसरं. सगळा अधिकार काढून घेण्याआधी त्याला काय काय ठरवता येतं ते आधी बघा, हा माझा आग्रह असतो, आणि त्यावरून वकिलांशी माझे खटके उडतात.

काका निवृत्त सरकारी नोकर. त्यांच्या पश्चात, आणि मग काकींच्या पश्चात, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी वडील हयात असतानाच त्याचं नाव आणि प्रमाणपत्र खात्याच्या दप्तरी लागलेलं बरं. मागाहून धावपळ करणाऱ्या भावांचे हाल मी बघितलेत. काका दुसऱ्याच आठवड्यात पणजीला जाऊन आले. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्याचाही फॉर्म थोरल्याने भरला. मी फक्त कागदांची यादी दिली. फॉर्म मी भरून देत नाही; ज्या हाताने पुढे करायचं आहे त्यानेच तो भरावा.

हे वाचून एखादी आई म्हणेल, तुमच्या काकींना सून तरी होती. आमचं एकुलतं आहे. किंवा थोरला पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, तो कसला परत येतो! खरं आहे. अशा घरांना मी दोन गोष्टी सांगते. नात्यातलं कोणी नसेल तर पालक नेमण्यासाठी नोंदणीकृत संस्थाही समितीकडे अर्ज करू शकते, तेव्हा अशा संस्थेशी आत्तापासून ओळख ठेवा, वर्षातून एकदा देणगी देण्यापुरती नव्हे. आणि तुम्ही धडधाकट असतानाच मुलाला एक रात्र दुसरीकडे झोपू द्या. मावशीकडे, शेजारी, जिथे जमेल तिथे. मग दोन रात्री. तुम्ही गेल्यावरची पहिली रात्र ही त्याची घराबाहेरची पहिली रात्र असता कामा नये. त्या रात्री आईने फोन करायचा नाही, ही माझी अट. म्हापशाच्या एका आईने ती मोडून रात्रीत तीनदा फोन केला. मुलगा गाढ झोपला होता. जागी होती ती मावशी, आणि ती चांगलीच वैतागली होती.