लाइट हिरवा, पिंग चालू, मग फाइल का रखडते?

प्रश्न: ऑफिसात नवा मॅनेज्ड स्विच बसवला. बॅकअप सर्व्हरच्या पोर्टचा स्पीड 100 मेगाबिट आणि डुप्लेक्स फुल (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं; हाफमध्ये एका वेळी एकच) असा मी हाताने फिक्स केला, कारण ‘ऑटोच्या भरवशावर राहू नकोस’ असं जुने सहकारी सांगत आलेत. सर्व्हरवर काही बदललेलं नाही. लाइट हिरवा आहे, पिंग सुरळीत येतो, पण मोठी फाइल पाठवली की रखडते. केबल बदलून पाहिली. स्विच परत करावा का?

उत्तर: मुळीच नको. स्विचमध्ये दोष नाही. एक टोक फिक्स आणि दुसरं ऑटो, ही जोडी चुकली आहे.

ऑटोवर, म्हणजे ऑटो-निगोशिएशनमध्ये, दोन्ही टोकं आपल्याला काय जमतं ते एकमेकांना कळवतात. तुमच्या स्विचने कळवणं बंद केलं. सर्व्हर तारेवरच्या सिग्नलवरून 100 चा स्पीड ओळखतो, पण डुप्लेक्स तसा ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ धरायचं, हा मानकातलाच नियम आहे. म्हणून लिंक लागते, पण स्विच फुल आणि सर्व्हर हाफ.

पिंगमध्ये एक छोटं पाकीट जातं, मग एक येतं, त्यामुळे टक्कर क्वचितच होते. मोठ्या फाइलच्या वेळी सर्व्हर पाठवत असतानाच स्विचकडून पोचपावत्या येत राहतात. हाफवरचा सर्व्हर त्याला टक्कर समजतो आणि फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारं डेटाचं पाकीट, अर्धवट सोडतो. पहिले 64 बाइट गेल्यानंतर टक्कर झाली, तर ती ‘लेट कोलिजन’. ती फ्रेम सर्व्हरचं नेटवर्क कार्ड स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. हरवलेला डेटा पुन्हा पाठवणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलच्या लक्षात येईपर्यंत वेळ जातो आणि फाइल रखडते. पोर्टचे काउंटर बघा: सर्व्हरकडे लेट कोलिजन आणि स्विचकडे सीआरसी एरर (बिघडून आलेल्या फ्रेम) वाढत असतील, तर निदान पक्कं.

सहकाऱ्यांचा सल्ला एके काळी रास्त होता. ऑटो-निगोशिएशन 1995 मध्ये मानकात आलं, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांचं आपसात जमत नसे. आज तो सल्ला नुकसानच करतो. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो सक्तीचं आहे, कारण क्लॉक, म्हणजे सिग्नलचा ठेका, कोणत्या टोकाचं चालणार हेही त्यातच ठरतं.

बॅकअप चालू नसताना हे करा, कारण लिंक काही सेकंद तुटेल. सिस्को पद्धतीच्या कमांड असतील तर त्या पोर्टवर ‘स्पीड ऑटो’ आणि ‘डुप्लेक्स ऑटो’ द्या. मग ‘शो इंटरफेसेस स्टेटस’मध्ये ‘ए-फुल’ दिसायला हवं. त्यातला ‘ए’ म्हणजे ऑटोने ठरलेलं. ‘ए-हाफ’ दिसलं तर सर्व्हरच्या कार्डावरही कुणीतरी सेटिंग फिक्स केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तेही ऑटोवर आणा. काउंटर शून्य करून मोठी फाइल पाठवा आणि आकडे पुन्हा बघा.

दोन्हीकडे गिगाबिट असूनही 100 वरच अडलं, तर क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवलेली जोडणी, तपासा. 100 ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

एखादं जुनं यंत्र ऑटोवर चालतच नसेल, तर दोन्ही टोकं सारखी फिक्स करा आणि पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये तसं लिहून ठेवा. तुमच्यानंतर स्विच सांभाळणाऱ्याचे कित्येक तास वाचतील.

शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह करा, नाहीतर वीज गेल्यावर जुनं सेटिंग परत येईल.